टाटा बॉक्स आणि टाटाला जाणं

बार्शीकडे कॅन्सरचं नाव सहसा कुणी घेत नाही. "त्यांना टाटाला नेलंय" एवढं म्हटलं की ऐकणारा गप्प होतो. टाटा म्हणजे मुंबईतलं, परळचं टाटा मेमोरियल हॉस्पिटल. बायकांच्या दुखण्याबाबत तर आणखी आडपडदा. गर्भाशयाला 'पिशवी' म्हणायचं, त्रासाला 'अंगावरून जातंय' म्हणायचं, आणि तेही घरातल्या दुसऱ्या बाईलाच, हळू आवाजात सांगायचं.

दुसराही एक टाटा आहे. त्याचा जमशेटजींशी काही संबंध नाही. डीएनएची भाषा ए, टी, जी, सी या चार अक्षरांची. काही जनुकांच्या तोंडाशी टी-ए-टी-ए अशी अक्षरं लागोपाठ येतात. त्या तुकड्याला शास्त्रज्ञ 'टाटा बॉक्स' म्हणतात. जनुकाचं वाचन नेमकं कुठून सुरू करायचं, हे तिथून ठरतं. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या गोष्टीत हे दोन्ही टाटा भेटतात, आणि त्या गोष्टीचा मोठा भाग घडला तो बार्शीत आणि आसपासच्या गावांत. भगवंताचं मंदिर आणि जुनी छोटी रेल्वे यांच्याविषयी बार्शीकर अभिमानाने बोलतात. या गोष्टीविषयी माझ्या पिढीतल्या फारच थोड्यांना माहीत असतं, म्हणून हा लेख.

१९८७ साली बार्शीत भारतातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. 'नोंदणी' हा शब्द कचेरीतल्या रजिस्टरसारखा रुक्ष वाटतो, पण त्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. हॉस्पिटलात किती पेशंट आले, हे हॉस्पिटल सांगू शकतं. अमुक गावांतल्या अमुक लाख माणसांत वर्षाला किती जणांना कॅन्सर झाला, हे सांगायला घरात बसून राहिलेला पेशंटही मोजावा लागतो. मुंबईत अशी नोंदणी १९६० च्या दशकापासून होती. शहरात ते जमतं, कारण माणूस कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जातो आणि मेला तर दाखल्यावर कारण लिहिलं जातं. खेड्यात तेव्हा दोन्ही गोष्टींची खात्री नव्हती. म्हातारी अंगावरून जाऊन जाऊन गेली, एवढंच घरच्यांना माहीत. त्याला कॅन्सर म्हणायचं की वय, हे कोण ठरवणार?

बार्शीत नर्गिस दत्त यांच्या नावाचं कॅन्सर हॉस्पिटल आहे. नर्गिस १९८१ मध्ये कॅन्सरनेच गेल्या. हे हॉस्पिटल चालवणारी संस्था आणि टाटा मेमोरियल यांच्याशी जोडलेल्या मंडळींनी खेड्यात नोंदणी करायची वेगळी रीत बसवली. पेशंट येण्याची वाट पाहायची नाही, आपणच गावोगाव जायचं. नोंदणीचे कर्मचारी बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतल्या ३४६ गावांत ठरावीक काळाने फिरत. कुणाला बरी न होणारी जखम आहे का, कुणाला गाठ आहे का, पाळी बंद झाल्यावरही रक्त जातंय का, हे विचारत आणि संशय आला की बार्शीला तपासणीसाठी आणत. डॉ. बी. एम. नेने आणि डॉ. कस्तुरी जयंत ही या कामाशी जोडलेली दोन प्रमुख नावं. स्वातंत्र्यापूर्वी बार्शी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होती आणि परांडा-भूम निजामाकडे. सरहद्दीच्या दोन्ही बाजूंची गावं या नोंदणीत एकाच वहीत आली.

वहीत सगळ्यात ठळक दिसलं ते हे, की इथल्या बायकांमध्ये पहिल्या क्रमांकाचा कॅन्सर गर्भाशयमुखाचा आहे. म्हणजे पिशवीच्या तोंडाचा. पुढे १९९५ मध्ये या गटाने आणखी एक गोष्ट छापून दाखवली. गावागावात लक्षणांविषयी बोलणं सुरू झाल्यावर बायका आजाराच्या आधीच्या टप्प्यावर येऊ लागल्या. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, नुसतं बोलणं. मला या सगळ्या इतिहासात हा शोध फार आवडतो, आणि तो फारसा कुणी सांगत नाही.

पण आधीच्या टप्प्यावर आलेला कॅन्सरही कॅन्सरच. तो होण्याआधीच गाठायचा, तर तो कसा होतो हे कळायला हवं. ते कळत होतं बार्शीपासून फार लांब, जर्मनीत.

१९७० च्या दशकात बहुतेकांचा संशय नागिणीच्या जातकुळीतल्या एका विषाणूवर होता. हॅराल्ड त्सुर हाउझेन हे वेगळंच म्हणत होते. त्यांच्या मते दोषी होता चामखिळीच्या कुटुंबातला विषाणू, एचपीव्ही. १९८३ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने कॅन्सरच्या तुकड्यांत त्याचा १६ क्रमांकाचा प्रकार शोधला आणि १९८४ मध्ये १८ क्रमांकाचा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. १८ क्रमांकाचा प्रकार हेला पेशींतही निघाला. या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या अमेरिकन कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या गाठीतल्या, १९५१ मध्ये तिला न विचारता काढलेल्या. त्याच वर्षी ती वारली, आणि पेशी जगभरच्या प्रयोगशाळांत आजही वाढताहेत.

इथे एक कोडं होतं. एचपीव्ही अतिशय सामान्य आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतो आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. (म्हणून या आजारावरून एखाद्या बाईच्या चारित्र्याविषयी बोलणाऱ्याला विज्ञानही कळलेलं नसतं आणि माणूसही.) मग ज्या थोड्यांना कॅन्सर होतो, त्यांनाही दहा-वीस वर्षांनी का होतो? इतकी वर्षं तो विषाणू काय करत असतो?

उत्तर प्रमोटरमध्ये आहे.

माझं काम सॉफ्टवेअरचं, त्यामुळे मला हे असं समजलं: कोडमध्ये फंक्शन लिहिलेलं असणं वेगळं आणि ते कॉल होणं वेगळं. माणसाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सुमारे वीस हजार जनुकं असतात. डोळ्याच्या पेशीत आणि आतड्याच्या पेशीत कोड तोच. फरक पडतो तो कुठलं जनुक कुठे वाचलं जातं यावर, आणि ते बऱ्याच अंशी ठरतं जनुकाच्या सुरुवातीला असलेल्या काही शे अक्षरांच्या पट्ट्यावर. तो प्रमोटर. फ्रान्स्वा जाकोब आणि जाक मोनो यांच्या पॅरिसच्या गटाने १९६४ मध्ये जिवाणूंचा अभ्यास करताना हा शब्द वापरात आणला. टाटा बॉक्स माशी आणि माणूस अशा प्रगत पेशींच्या जीवांत सापडला तो १९७० च्या दशकाच्या शेवटी.

जनुकाची नक्कल उतरवणारं यंत्र, म्हणजे आरएनए पॉलिमरेज, स्वतःहून योग्य जागी जाऊन बसत नाही. त्याला आधी बसलेली मंडळी लागतात. टाटा बॉक्सवर एक प्रथिन बसतं आणि तिथे डीएनएची दोरी चक्क वाकवतं. त्या वाकणाभोवती बाकीची प्रथिनं जमतात आणि मग यंत्र बसतं. माणसाच्या बहुसंख्य जनुकांना टाटा बॉक्स नसतोच. त्यांच्या तोंडाशी सी आणि जी अक्षरांची गर्दी असलेला लांब पट्टा असतो आणि तिथे दुसरी प्रथिनं बसतात. एखादं प्रथिन बसलं तर वाचन वाढतं, दुसरं बसलं तर अडतं. सी या अक्षरावर मिथाइल नावाची छोटी रासायनिक टोपी चढली तर आख्खा प्रमोटर बंद पडू शकतो. दिव्याच्या बटणाची उपमा मी मुद्दाम टाळतोय. घरातलं बटण चालू असतं नाहीतर बंद. प्रमोटर हा चावीसारखा आहे, नळाच्या. थेंब थेंबही पडतो आणि धारही लागते.

पेशीचं विभाजन हा असाच काटेकोरपणे धरलेला नळ. विभाजनासाठी लागणाऱ्या कित्येक जनुकांच्या प्रमोटरवर आरबी नावाचं प्रथिन एका साथीदाराला धरून बसलेलं असतं आणि वेळ आल्याशिवाय ती जनुकं वाचू देत नाही. दुसरा पहारेकरी पी-५३. डीएनएला इजा झाली की तो पी-२१ नावाच्या जनुकाच्या प्रमोटरवर बसतो, ते जनुक जोरात वाचलं जातं आणि विभाजन थांबतं.

एचपीव्हीकडे सगळी मिळून जेमतेम आठ हजार अक्षरं. आपल्याकडे तीनशे कोटींहून जास्त. पण त्या आठ हजारांत ई-६ आणि ई-७ ही दोन जनुकं आहेत. ई-७ चं प्रथिन आरबीला प्रमोटरवरून ओढून काढतं. ई-६ चं प्रथिन पी-५३ ला पेशीच्याच कचरापेटीत पाठवतं. शिवाय ई-६ मुळे आपल्या टेलोमरेज जनुकाचा एरवी बंद ठेवलेला प्रमोटर उघडतो आणि पेशीला वय होईनासं होतं. मला यातली थक्क करणारी गोष्ट ही वाटते, की हे करायला विषाणूला आपल्या जनुकांतलं एक अक्षरही बदलावं लागत नाही. तो फक्त दारावरची माणसं हटवतो.

मग वीस वर्षं का लागतात? कारण विषाणूच्या स्वतःच्या दारावरही माणूस आहे. ई-६ आणि ई-७ एकाच प्रमोटरवरून वाचली जातात. १६ क्रमांकाच्या प्रकारात त्याचं नाव पी-९७, कारण वाचन ९७ व्या अक्षरापासून सुरू होतं. त्याच्या आधी सुमारे साडेआठशे अक्षरांचा नियंत्रणाचा पट्टा आहे आणि त्यावर बसतात ती बरीचशी प्रथिनं आपली, म्हणजे माणसाची. विषाणू आपल्या पेशीच्या हवामानावर चालतो. त्या पट्ट्यावर संप्रेरकांना दाद देणाऱ्या जागाही आहेत. एचपीव्ही झालेल्या आणि बरीच बाळंतपणं झालेल्या बाईला कॅन्सरचा धोका जास्त असतो, त्याचं एक संभाव्य कारण म्हणून या जागांकडे बोट दाखवलं जातं. आपल्या आज्यांची सात-आठ बाळंतपणं आठवली की हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

आणि या पट्ट्याच्या शेवटी, टाटा बॉक्सला अगदी चिकटून, ई-२ नावाच्या विषाणूच्याच प्रथिनाच्या बसायच्या जागा आहेत. ई-२ तिथे बसलं की टाटा बॉक्सवर बसायला येणाऱ्या आपल्या प्रथिनाला जागाच उरत नाही. हा विषाणूचा ब्रेक. त्याला पेशी मारायची नसते, गुपचूप राहायचं असतं, म्हणून ई-६ आणि ई-७ तो बेताने वाचू देतो. संसर्ग रेंगाळला, वर्षं गेली, आणि कधीतरी विषाणूचं गोल डीएनए तुटून आपल्या गुणसूत्रात घुसलं, की बरेचदा ते तुटतं ई-२ च्या जनुकातच. काही गाठींत ते तुटत नाही, पण ई-२ च्या बसायच्या जागांवर मिथाइल टोप्या चढतात. परिणाम एकच. ब्रेक गेला, नळ पूर्ण उघडा. विषाणूच्या बाजूनेही हा आत्मघात आहे, कारण गुणसूत्रात अडकल्यावर त्याला नवे विषाणू काढता येत नाहीत.

हे नुसतं तर्काने बांधलेलं चित्र नाही. १९९० च्या दशकात आणि २००० च्या आसपास अमेरिकेतल्या प्रयोगशाळांनी हेला पेशींत ई-२ परत घातलं. विषाणूचा प्रमोटर बंद झाला, आरबी आणि पी-५३ कामावर परतले, आणि जवळजवळ पन्नास वर्षं न थांबता वाढणाऱ्या पेशी वाढायच्या थांबल्या, म्हाताऱ्या झाल्या. म्हणजे इतकं सगळं झाल्यावरही त्या कॅन्सरचा जीव एका प्रमोटरमध्ये होता.

हे कळलं की तपासणीचा अर्थ बदलतो. ई-६ आणि ई-७ चालू राहिल्याशिवाय हा कॅन्सर बहुतेक होत नाही, आणि विषाणूच नसेल तर ती जनुकं येणार कुठून? म्हणजे आज एखाद्या बाईच्या गर्भाशयमुखावर हा विषाणू नाही असं पक्कं कळलं, तर तिला पुढची कित्येक वर्षं निर्धास्त राहता यावं. कागदावर हे बरोबर वाटतं. खरंच तसं घडतं का, हे पाहायला लाखभर बायका, नीट नोंदी आणि दहा वर्षं लागतात. बार्शीकडे नोंदीची सवय होती.

१९९९ मध्ये उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आताच्या धाराशिवमध्ये, चाचणी सुरू झाली. बार्शीचं हॉस्पिटल, टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था असे तिघे मिळून. पैसा गेट्स फाउंडेशनचा. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका, गावांचे ५२ गट. कुठल्या गटाला काय मिळणार, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. एका भागातल्या बायकांची एचपीव्ही डीएनए चाचणी, दुसऱ्या भागात पॅप, म्हणजे पेशी काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, तिसऱ्या भागात सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून पांढरा डाग उठतो का ते नुसत्या डोळ्यांनी पाहणं. दोष निघाला तर पुढची तपासणी आणि उपचार. चौथ्या भागाकडे नंतर येतो.

आकडे मोठे आहेत म्हणून त्यामागचं काम दिसत नाही. ज्या गोष्टीविषयी बाई नवऱ्याशीही बोलत नाही, तिच्यासाठी टेबलावर झोपायला हजारो बायकांना तयार करायचं होतं, सुगीच्या आणि लग्नसराईच्या तारखा सांभाळून. बोलावलेल्या दर दहा बायकांतल्या जवळपास आठ आल्या. हा आकडा कुठल्याही मोठ्या शहराने हेवा करावा असा आहे.

निकाल एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एचपीव्ही चाचणीच्या भागात ३४,१२६ बायकांत या कॅन्सरने ३४ मृत्यू. काहीच तपासणी न झालेल्या भागात ३१,४८८ बायकांत ६४. आयुष्यात एकदा, फक्त एकदा केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर. पॅप आणि ॲसिडच्या भागांत मृत्यूंमध्ये म्हणावा असा फरक दिसला नाही. सोबतच्या संपादकीयाचा मथळा होता, भारताकडून जगाला.

माझ्या दृष्टीने खरा आकडा तक्त्याच्या आतल्या बाजूला आहे. एचपीव्ही चाचणी झालेल्या २७,१९२ बायकांपैकी २४,३८० जणींत विषाणू सापडला नाही. पुढच्या सुमारे आठ वर्षांत त्यांच्यापैकी एकही बाई या कॅन्सरने गेली नाही. पॅप पेशींचा आकार पाहतं, म्हणजे नळ उघडल्यावर खाली साचलेलं पाणी. ते पाहायला सराईत नजर लागते आणि आज साचलं नाही म्हणून उद्या साचणार नाही असं सांगता येत नाही. डीएनए चाचणी विचारते, हा नळ घरात आहे का? 'नाही' हे उत्तर मिळालं की ते बरीच वर्षं टिकतं. कोरडवाहू भागातल्या बाईला दर तीन वर्षांनी कुणी बोलावणार नसतं, त्यामुळे टिकणारा 'नाही' तिच्यासाठी फार मोलाचा.

असा 'नाही' हातात नसला की काय होतं, हे शेजारच्या बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या काढण्याचं प्रकरण बाहेर आलं. सरकारी समितीने पाहणी केलेल्या ८२ हजारांवर बायकांत १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. अनेकींनी सांगितलेलं कारण एकच, पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल अशी भीती घातली गेली. पांढरं जाण्याच्या तक्रारीपासून थेट ऑपरेशनच्या टेबलापर्यंत. मध्ये चाचणी नाहीच.

आता चौथा भाग. त्या ३१,४८८ बायकांना नेहमीची सेवा मिळाली, म्हणजे माहिती दिली, हवी तर तपासणी कुठे होते ते सांगितलं, पण बोलावून तपासलं नाही. भारतातल्या अशाच तीन मोठ्या चाचण्यांवर अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट एरिक सुबा यांनी जोरदार आक्षेप घेतला आणि २०१४ मध्ये 'इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स'मध्ये तो मांडला. पॅपमुळे श्रीमंत देशांतले मृत्यू कमी झाल्याचं दशकानुदशकं माहीत असताना तपासणीविना गट ठेवायचाच कशाला, हा त्यांचा प्रश्न. संशोधकांचं म्हणणं, भारतात तपासणीचा कार्यक्रमच नव्हता, त्यामुळे या बायकांना मिळणारं काही काढून घेतलं गेलं नाही आणि इथल्या परिस्थितीत काय चालतं हे तुलना केल्याशिवाय कळलं नसतं.

दोन्ही बाजू वाचून मला संशोधकांचा दुसरा मुद्दा पटतो. पॅप चालतं असं गृहीत धरलं असतं तर चुकलंच असतं, कारण उस्मानाबादेत ते चाललं नाही. पण पहिला मुद्दा पटत नाही. आधी काही मिळत नव्हतं, हे कारण गरिबाला कुठल्याही चाचणीत उघड्यावर ठेवायला पुरतं. ते एकदा मान्य केलं तर थांबायचं कुठे? ६४ मधून ३४ वजा केले की ३० उरतात. जगाने धोरण बदललं ते या तीस बायकांमुळे. हेन्रिएटा लॅक्सचं नाव आता निदान पुस्तकांत आहे.

धोरण जगाने बदललं, असं मी म्हटलं. जागतिक आरोग्य संघटना २०२१ पासून पहिली तपासणी म्हणून एचपीव्ही डीएनए चाचणीच सुचवते. आपल्याकडे २०१६ च्या राष्ट्रीय आराखड्यात निवड झाली ॲसिडच्या तपासणीची. ती स्वस्त आहे, तिथल्या तिथे होते, आणि मुंबई व तमिळनाडूतल्या दिंडिगुलच्या चाचण्यांत तिने मृत्यू कमी केलेही होते, त्यामुळे ही निवड निराधार म्हणता येत नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांपैकी दोघींचीसुद्धा अशी कुठलीच तपासणी कधी झालेली नव्हती. टक्का होता १.९. कुठली तपासणी बरी, हा वाद त्या ९८ जणींपर्यंत पोचतच नाही.

बार्शी आणखी एका चाचणीत होती, आणि तिचा निकाल अपघाताने लागला. २००९ मध्ये एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहायला देशात नऊ ठिकाणी १० ते १८ वयाच्या मुलींना लस द्यायला सुरुवात झाली. एक ठिकाण बार्शी, एक पुणे. लस विषाणूला पेशीच्या बाहेरच अडवते, त्याचा प्रमोटर आत पोचतच नाही. त्याच काळात आंध्र आणि गुजरातमध्ये दुसऱ्याच एका संस्थेचा लसीकरण प्रकल्प चालू होता. तिथे संमती नीट न घेतल्याचे आरोप झाले, काही मुलींचे मृत्यू झाले (चौकशीत ते लशीमुळे नसल्याचं सांगितलं गेलं), आणि एप्रिल २०१० मध्ये सरकारने सगळीकडचं काम थांबवलं. तोवर १७,७२९ मुलींना लस मिळाली होती. त्यातल्या सुमारे पाच हजार जणींना एकच डोस मिळाला आणि पुढचा आलाच नाही.

बंद पडलेला प्रकल्प म्हणून फाइल बांधून ठेवता आली असती. संशोधकांनी त्या मुलींचा माग सोडला नाही. दहाएक वर्षांनी, २०२१ मध्ये, निकाल छापला गेला: १६ आणि १८ या प्रकारांचा रेंगाळणारा संसर्ग एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास टळतो, जवळजवळ तीन डोसइतकाच. २०२२ च्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने एक डोसही चालेल असं म्हटलं, त्यामागच्या पुराव्यांत या मुली आहेत. तेव्हा शाळेत असलेल्या त्या मुली आज माझ्या वयाच्या आसपास असतील. बार्शीच्या स्टँडवर त्यांच्यापैकी कुणी शेजारी उभी असेल तर मला कळणार नाही, आणि कदाचित तिलाही हे माहीत नसेल.

आता पुन्हा त्या २७,१९२ बायकांकडे. त्यातल्या २,८१२ जणींत विषाणू सापडला, म्हणजे दहात एकीला. त्यांच्यातल्या बहुतेकींना पुढच्या तपासणीत काही निघालं नाही. विषाणू होता, नळ बंद होता. पण चाचणीला तेवढंच विचारता येत होतं, की नळ आहे का. उघडा आहे का, हे विचारायची सोय नव्हती. बोलावणं आल्यापासून 'काही नाही' हे ऐकेपर्यंतचे दिवस त्या बायकांनी कसे काढले, हे कुठल्या तक्त्यात नाही.

ती सोय आता होते आहे. एक चाचणी ई-६ आणि ई-७ ची उतरवलेली आरएनए नक्कल शोधते, म्हणजे थेट धार तपासते. पॅथॉलॉजिस्ट पी-१६ नावाच्या आपल्याच प्रथिनाचा रंग लावून पाहतात. आरबी हटलं की ते भरमसाट बनतं आणि काचेवर तपकिरी दिसतं. तिसरी चाचणी आपल्या दोन जनुकांच्या प्रमोटरवर मिथाइल टोप्या चढल्यात का ते बघते. कॅन्सरकडे निघालेल्या पेशींत ते प्रमोटर असे बंद पडत जातात आणि नुसत्या पाहुण्या आलेल्या संसर्गात सहसा पडत नाहीत. यातल्या काही चाचण्या बाईने घरी स्वतः ब्रशने घेतलेल्या नमुन्यावरही चालतात.

परांड्याहून बार्शी पंचवीस-तीस किलोमीटर. नमुना द्यायला एक खेप, विषाणू निघाला तर तपासायला दुसरी, आणि प्रत्येक खेपेला एक दिवसाची मजुरी बुडते, घरी कारण सांगावं लागतं. पहिल्याच नमुन्यातून विषाणू आहे का आणि प्रमोटर उघडा आहे का, ही दोन्ही उत्तरं मिळाली, तर दहातल्या त्या एकीची दुसरी खेप बहुतेक वेळा वाचेल.